स्पष्ट कोण, अस्पष्ट कोण?

फिल्मच्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकस वापरावा की भिंगाचे कडे हाताने फिरवावे, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कक्षेत येतो असे आम्ही म्हटले, तर वाचकांपैकी पुष्कळांना ती अतिशयोक्ती वाटेल. हा फार तर हौशी मंडळींच्या गप्पांचा विषय. एकाने म्हणावे जुने ते सोने, दुसऱ्याने म्हणावे काळाबरोबर चालावे, आणि चहा संपला की विषयही संपावा. परंतु ज्या प्रश्नाच्या पोटी ‘लक्ष कोणाकडे द्यावयाचे आणि ते कोणी ठरवावयाचे’ हा दुसरा प्रश्न दडलेला असतो, तो निव्वळ हौसेचा राहत नाही. गेली काही वर्षे तरुण मुलेमुली आजोबांच्या, काकांच्या कपाटातून फिल्मचे कॅमेरे बाहेर काढू लागली आहेत. फोनच्या हजार फोटोंचा त्यांना कंटाळा आला असावा. त्यांच्यापैकी कोणी कोणी कॅमेऱ्याच्या भिंगावरची ती लहानशी कळ दाखवून आम्हांला विचारतात, “फादर, ही इकडे ठेवायची की तिकडे?” त्या कळीविषयी चार शब्द लिहावेत, म्हणून हा प्रपंच.

प्रथम भिंगाचा स्वभाव पाहिला पाहिजे. कोणतेही भिंग एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू काटेकोरपणे स्पष्ट उमटवू शकते. तिच्या किंचित पुढचे आणि किंचित मागचे आपल्या डोळ्यांना चालून जाते, एवढेच. हा चालून जाणारा पट्टा किती रुंद, हे भिंगाची लांबी, त्याच्या छिद्राची उघडझाप आणि वस्तूचे अंतर यांवर ठरते. ८५ मिलिमीटरचे भिंग एफ १.८ इतके उघडून दोन मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढला, तर तो पट्टा सुमारे ६ सेंटिमीटर भरतो. म्हणजे डोळा स्पष्ट आला तर कान स्पष्ट येत नाही. छिद्र लहान करून पट्टा वाढविता येतो खरा. पण मग प्रकाश पुरत नाही, आणि चर्चच्या आतला प्रकाश १०० किंवा २०० वेगाच्या फिल्मला मुळातच पुरत नाही. चित्रकाराला पंगतीतले सगळे चेहरे सारख्याच निगुतीने रेखाटण्याची मुभा असते. छायाचित्रकाराला ती नाही. एकाला स्पष्ट करावयाचे, तर त्याच कृतीने दुसऱ्या कोणाला तरी धूसर करावयाचे, ही त्याच्या धंद्याची अट आहे. आमच्या मते नीतीचा प्रश्न येथेच उभा राहतो. ऑटोफोकस फार पुढे आला.

हाताने फोकस करण्याच्या दिवसांत व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी एक लहान वर्तुळ असे. त्यात समोरच्या माणसाच्या कोटाची कड किंवा नाकाची रेघ मध्येच तुटल्यासारखी दिसे. कडे फिरवीत ती रेघ जुळवून घ्यावयाची, आणि जुळली की बटण दाबावयाचे. या कामाला डोळा, बोट आणि थोडा धीर लागे.

मग यंत्र आले. १९७७ साली जपानच्या कोनिका कंपनीने ‘सी ३५ एएफ’ हा कॅमेरा बाजारात आणला. मोठ्या प्रमाणावर तयार झालेला ऑटोफोकसचा पहिला कॅमेरा म्हणून त्याची नोंद केली जाते. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, अमेरिकेच्या पोलरॉइड कंपनीने वटवाघळाची युक्ती वापरली. कॅमेरा कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडी, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येण्यास किती वेळ लागला हे मोजी, आणि त्यावरून अंतर ठरवी. युक्ती नामी होती; मात्र खिडकीच्या काचेतून बाहेरचा फोटो काढावयाचा झाला की ध्वनी काचेवरूनच माघारी फिरे, आणि बाहेरच्या डोंगराऐवजी कॅमेरा काचेवर डोळे लावून बसे. १९८५ साली मिनोल्टा कंपनीचा ‘७०००’ आला. फोकस शोधण्याचे यंत्र आणि भिंग फिरविणारी मोटर ही दोन्ही त्याच्या पोटातच होती, आणि बोटाचे काम त्याने खऱ्या अर्थाने हिरावून घेतले. त्यातली मूळ कल्पना आपली असल्याचा दावा अमेरिकेच्या हनीवेल कंपनीने केला. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९९२ मध्ये मिनोल्टाने १२ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. बोटाच्या एका हालचालीची इतकी किंमत इतिहासात दुसरीकडे कोठे पडली असेल, असे आम्हांस वाटत नाही.

या यंत्राला दिसते तरी काय? भिंगातून आलेला थोडा प्रकाश आरशांच्या साहाय्याने कॅमेऱ्याच्या तळाशी नेला जातो. भिंगाच्या एका कडेने आलेली प्रतिमा आणि समोरच्या कडेने आलेली प्रतिमा तेथे शेजारी शेजारी ठेवून पाहतात. दोहोंमधल्या अंतरावरून भिंग किती फिरवावे आणि कोणत्या दिशेने फिरवावे, हे यंत्राला कळते. त्यासाठी त्याला काळ्यापांढऱ्याची सीमा लागते, एखादी ठसठशीत कड लागते. सुरुवातीच्या यंत्रांना तर केवळ उभ्या रेघा उमजत. आडव्या रेघांपुढे ती गोंधळून जात, म्हणून फोटोग्राफर कॅमेरा तिरका धरून फोकस घेत आणि मग सरळ करीत. १९८९ च्या कॅनन ‘ईओएस-१’ मध्ये मधल्या बिंदूला उभे आडवे दोन्ही कळू लागले. पण कड उभी असो वा आडवी, यंत्राला कडच हवी. नवरीच्या साध्या पांढऱ्या सॅटिनवर कड नसते. तिच्यावर रोखलेले भिंग एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला घरघरत जाते आणि हात टेकते. याउलट वेदीवरच्या मेणबत्तीची ज्योत, फुलदाणीची किनार, मागच्या भिंतीवरची जाळी ही त्याला हमखास सापडतात. दोन माणसे शेजारी उभी राहिली आणि फोकसचा बिंदू नेमका त्यांच्या डोक्यांच्या मधोमध पडला, तर मागची भिंत काचेसारखी स्वच्छ येते आणि दोघेही धुक्यात जातात. जुने अल्बम उघडून पाहावेत. असे एक तरी जोडपे प्रत्येक वाड्यात सापडेल.

तेव्हा या यंत्राला एकच प्रश्न समजतो: ‘किती लांब?’ ‘कोण?’ हा प्रश्न त्याच्या भाषेतच नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे म्हणजे वजनकाट्याला मालाची चव विचारण्यासारखे आहे. त्याने काम पुरे केले की ते बारीकसा ‘बीप’ करते. या आवाजाबद्दल आमचे थोडे भांडण आहे. काहीतरी स्पष्ट झाले, एवढेच तो आवाज सांगतो. ऐकणारा मात्र त्यातून ‘जे हवे ते स्पष्ट झाले’ असा निरोप घेतो आणि बटण दाबून मोकळा होतो. डिजिटल कॅमेऱ्यात चूक तत्क्षणी पडद्यावर दिसते आणि माणसे पांगण्याआधी दुसरा फोटो काढता येतो. फिल्मवर तसे नाही. ३६ फोटोंचा रोल संपावयाचा, धुवून यावयाचा, आणि तोवर मांडव उतरलेला, पाहुणे आपापल्या गावी गेलेले. त्या आवाजावर टाकलेला विश्वास खरा की खोटा, हे कळावयास आठपंधरा दिवस लागत.

धर्मग्रामात काम करणाऱ्या माणसाला या गोष्टीचा अनुभव एका विशिष्ट प्रसंगी येतो. घरातले वृद्ध माणूस जाते. महिन्याच्या मिस्सासाठी स्मरणपत्रिका छापावयाची असते, आणि तिच्यावर फोटो हवा असतो. आमच्या पाहण्यात आलेल्या एका घरात आजीने जन्मभर कॅमेऱ्याला पाठ दाखविली होती. एकच फोटो मिळाला, तो नातवाच्या लग्नातला. पाचसहा नातेवाइकांच्या रांगेत ती कडेला, एक पाऊल मागे उभी होती, जशी ती आयुष्यभर उभी राहत आली होती. रांगेच्या पुढे कोणी तरी फुलांचा मोठा गुच्छ धरला होता. कॅमेऱ्याने गुच्छ निवडला. पाकळी न् पाकळी मोजून घ्यावी इतका तो गुच्छ स्पष्ट होता. मुलाने तो फोटो घेऊन दोन गावचे स्टुडिओ पालथे घातले. पण अस्पष्ट फोटो मोठा केला की त्यातली अस्पष्टताच मोठी होते. शेवटी पत्रिकेवर नुसता क्रूस छापला. “फादर, फुलं आली, आई नाही आली,” एवढेच तो म्हणाला.

आता या घटनेत कर्ता कोण? सेमिनरीत नीतीच्या पहिल्याच धड्याला संत थॉमस अॅक्विनास यांनी केलेला एक भेद शिकविला जातो: ‘आक्तुस हुमानुस’ आणि ‘आक्तुस होमिनिस’. पहिली मानवी कृती, म्हणजे बुद्धीने जाणून आणि इच्छेने निवडून केलेली. दुसरी माणसाकडून नुसती घडलेली. दाढी खाजविणे, बसल्या बसल्या पाय हलविणे, ही थॉमस यांच्या शिकवणीत येणारी उदाहरणे आहेत. जबाबदारी पहिलीची असते. तर मग गुच्छावर फोकस बसणे हे फोटोग्राफरकडून नुसते घडले, सबब त्याच्यावर काही येत नाही, असे म्हणावे काय? परंपरा येथे आणखी एक पायरी सांगते. जी गोष्ट आपण थेट योजिलेली नाही, पण जिचे कारण आपण जाणूनबुजून सोडून दिले, ती त्या कारणापुरती आपलीच. रात्री दिवा न लावता हातगाडी रस्त्यात उभी करणारा कोणाचे पाय मोडण्याचे ठरवीत नाही. कॅमेऱ्याला एकच मधला बिंदू होता, तोवर ‘कोण?’ या प्रश्नाचे उत्तर फोटोग्राफरला द्यावेच लागे. तो बिंदू चेहऱ्यावर आणावयाचा, बटण अर्धे दाबून फोकस धरून ठेवावयाचा, मग चौकट हवी तशी करून बटण पुरते दाबावयाचे. ही वाटणी आम्हांस प्रामाणिक वाटते. पुढे बिंदू वाढले. १९९६ च्या निकॉन ‘एफ ५’ मध्ये पाच, १९९८ च्या कॅनन ‘ईओएस-३’ मध्ये ४५. त्यांतला कोणता घ्यावयाचा हेही यंत्रावर सोडण्याची सोय झाली. अशा वेळी यंत्र बहुधा जे सर्वांत जवळ असेल त्याला पसंती देते. जो पुढे आला तो दिसला, मागे राहिला तो राहिला. समाजात हा नियम आपल्या परिचयाचा आहे. तो कॅमेऱ्यात कोणी मुद्दाम घातला असे नव्हे, पण तो तेथेही आहे, आणि ती कळ तशी ठेवणाऱ्याने तो मान्य केला आहे.

एवढे वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की आम्ही हाताच्या फोकसचे भक्त आहोत. तसे मुळीच नाही. कष्ट आहेत म्हणून ते पवित्र, हा विचार ज्यांना कष्ट करावे लागत नाहीत त्यांनाच सुचतो. वसईच्या वाड्यांत पूर्वी रहाट होते. भल्या पहाटेपासून बैलामागे फिरणाऱ्या माणसाला त्या फेऱ्यांतून काही दर्शन घडत असेल असे आम्हांस वाटत नाही. पंप आला, बैल सुटला, माणूसही सुटला, आणि कोणाच्या आत्म्याची त्यात हानी झाली नाही. मात्र बागायतदाराची कामे दोन होती. एक पाणी उपसण्याचे. दुसरे फावडे घेऊन पाटावर उभे राहण्याचे. कोणत्या वाफ्याला पुरे झाले, कोणता अजून तहानलेला आहे, केळीच्या कोणत्या रांगेकडे आता पाट फोडावयाचा, हे पाहण्याचे. पंपाने पहिले काम घेतले. दुसरे त्याने मागितलेही नव्हते. पण पंप सुरू करून जो ओटीवर येऊन बसला, त्याचा पाटाजवळचा वाफा कुजला आणि लांबचा वाळला.

आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध फोटोग्राफर आहेत. पंचक्रोशीतली लग्ने, स्नानसंस्कार, अंत्यविधी त्यांनी चाळीस वर्षे टिपले. त्यांच्यापाशी हा विषय काढला तेव्हा ते आमच्या तत्त्वज्ञानाला हसले. “फादर, डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तेव्हा ती तुटलेली रेघ मला जुळेनाशी झाली. सगळंच धूसर, तर जुळलं काय आणि नाही काय? ऑटोफोकसचा कॅमेरा घेतला नसता तर त्या वर्षीच दुकान बंद करून बसलो असतो. पोरीचं लग्न व्हायचं होतं.” यापुढे बोलावयास फारसे उरत नाही. ज्या यंत्राने एका कारागिराची भाकर राखली, त्याला वाईट म्हणण्याचा अधिकार धडधाकट डोळ्यांच्या माणसाला नाही.

पण थोडा वेळ गप्प राहून ते आणखी काही म्हणाले, आणि ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. “कडं फिरवताना सेकंद-दीड सेकंद जायचा. तेवढ्यात माणूस दिसायचा. नवरीचा फोकस जुळवताना मागं तिचा बाप डोळे पुसतोय हे दिसायचं, मग मी थांबायचो. आता कॅमेरा म्हणतो झालं, की आपलंही झालं.” आम्ही विचारले, “मग थांबू नये असे कॅमेऱ्याने कोठे सांगितले आहे?” ते म्हणाले, “सांगत नाही फादर. पण हात रिकामा झाला की डोळाही निघून जातो. माझा तरी जातो.” यंत्राने वाचविलेला तो दीड सेकंद कोठे जातो, हा खरा हिशेब आहे. तो समोरच्या माणसाला मिळाला, तर ऑटोफोकससारखे वरदान नाही. कडे फिरविणारे बोट मोकळे झाले आणि सगळे ध्यान चेहऱ्यावर राहिले. तो पुढच्या फोटोच्या घाईत गेला, तर लग्नात जेथे दोन रोल लागत तेथे आठ लागतात, आणि बापाचे डोळे एकाही फोटोत येत नाहीत. कळ दोन्ही वेळा त्याच बाजूला असते.

‘कोण?’ हा प्रश्नही यंत्राने ओळखून घ्यावा, असा एक प्रयत्न होऊन गेला, आणि तो मोठा मनोवेधक आहे. १९९२ साली कॅननने ‘ईओएस ५’ नावाचा कॅमेरा काढला. व्ह्यूफाइंडरला लावलेल्या डोळ्यावर आतून अदृश्य किरण टाकून, ते कसे परावर्तित होतात यावरून, फोटोग्राफर कोठे पाहतो आहे हे तो ओळखी आणि तेथला फोकस बिंदू निवडी. म्हणजे पाहिले की निवडले. कित्येकांना ते जादूसारखे वाटले. कित्येकांच्या, विशेषतः चष्मेवाल्यांच्या, डोळ्यांशी त्याचे सूत जमले नाही. पुढे काही वर्षांनी ही सोय मागे पडली, आणि २०२१ मध्ये त्याच कंपनीने एका डिजिटल कॅमेऱ्यात ती पुन्हा आणली. तिच्यातली यांत्रिक अडचण दूर होईल, कदाचित झालीही असेल. पण पाहणे म्हणजे निवडणे नव्हे, ही अडचण यंत्राची नाही. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या पुस्तकात डोळ्यांच्या या भटकेपणाची कबुली दिली आहे. शर्यतीच्या मैदानावर सशामागे धावणारा कुत्रा पाहावयास ते आता जात नाहीत. पण वाटेने जाताना शेतात तसे काही दिसले, तर ते मोठ्या चिंतनातूनही त्यांना ओढून नेते. घरी बसले असता माश्या पकडणारी पाल किंवा जाळे विणलेला कोळी त्यांचे लक्ष धरून ठेवतो. चौथ्या-पाचव्या शतकातल्या या बिशपांच्या हाती ‘ईओएस ५’ दिला असता, तर वेदीवरच्या फोटोत पाल उत्तम आली असती. फोटोग्राफरचा डोळाही चौकटीच्या कडेला एखादा हात कापला जात नाही ना, मागे खांब उभा नाही ना, हे पाहण्यासाठी सारखा फिरत असतो. तेवढ्यात बटण अर्धे दाबले गेले, की खांब स्पष्ट. आपली नजर जेथे जाते तेथे आपले मन असते, हे अर्धेच खरे आहे. पुष्कळदा मन नजरेला बोलावून परत आणीत असते, आणि त्या परत आणण्यालाच आपण लक्ष म्हणतो.

कॅननने फिल्मच्या आपल्या शेवटच्या कॅमेऱ्याची विक्री २०१८ मध्ये थांबविली, निकॉनने ‘एफ ६’ची २०२० मध्ये. ऑटोफोकसचे ते सर्व कॅमेरे आता जुन्या बाजारातून किंवा कपाटातूनच मिळावयाचे. ज्यांना मिळाले त्यांनी ते जरूर वापरावेत. आम्हांस कळीविषयी विचारणाऱ्या मुलांना आम्ही त्या वृद्ध फोटोग्राफरकडेच पाठवितो. ते त्यांना प्रथम बिंदूंची निवड यंत्राकडून काढून घेऊन एकट्या मधल्या बिंदूवर आणावयास लावतात, आणि ‘बीप’चा आवाज बंद करून देतात. मग एक जुनी हिकमत शिकवितात. नवरीच्या पांढऱ्या वस्त्रावर भिंग घरघरू लागले की तिच्या शेजारी, तिच्याइतक्याच अंतरावर उभ्या असलेल्या नवऱ्याच्या काळ्या कोटाची कड शोधावयाची, पांढऱ्या शर्टाला लागून असलेली. तेथे फोकस धरावयाचा, बटण अर्धे दाबलेलेच ठेवावयाचे, आणि कॅमेरा सावकाश नवरीकडे वळवावयाचा. वळविता वळविता मागच्या रांगेवरून नजर जाऊ द्यावयाची, आणि तिच्या बापाने रुमाल काढला आहे काय, ते पाहावयाचे.